कापसाच्या खोलीतून गेमचं लाईव्ह : शौक की खूळ?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. पुलगावपासून १४ किलोमीटरवर गाव, घरची नऊ एकर, त्यात सहा कापूस नि मधात तुरीच्या ओळी. वय ३३. प्रश्न शेतीचा नाही, म्हणून आधीच माफी मागतो.

मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून मी रात्री नऊ ते अकरा कॉम्प्युटरवर गेम खेळतो नि युट्यूबवर लाईव्ह दाखवतो. गेम कोणता, तर फार्मिंग सिम्युलेटर १९. हसून घ्या. 'दिवसभर वावर, रात्री पुन्हा वावरच, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?' असं आमची माय रोज विचारते. पण २०१८ च्या या गेममध्ये कापूस आला नि त्याच्यासोबत वेचणीचं अगडबंब यंत्रही आलं. आपल्याकडं किलोवर वेचाई देऊन बाया मिळत नाहीत. इथं एकटा माणूस बसल्या जागी वावर वेचून मागून गठाण सोडते. यंत्र चालवता चालवता मी आपल्या बोलीत बोलतो, शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माईकवर बोलतात ना तसं. तळेगाव दशासरचा पट लहानपणापासून पाहिला, तो गळ्यात बसलाय. पाहणारे नऊ, कधी अकरा. एकदा तेवीस झाले होते, त्या रात्री झोप नाही आली.

खर्च : नागपूरच्या सीताबर्डीवरून जुना कॉम्प्युटर २२ हजार, माईक १,८००, केबलवाल्याची फायबर महिन्याला ५००. लाईव्ह सोडायचं सॉफ्टवेअर ओबीएस, ते फुकट. आमदनी शून्य.

आता खोलीचं सांगतो. घरात रिकामी जागा नाही, म्हणून टेबल कापसाच्या खोलीत मांडला. तिन्ही बाजूंनी आढ्यापर्यंत कापूस, मधात मी. गंमत अशी की तिथं आवाज अजिबात घुमत नाही. माईकवर इतका सुका, स्वच्छ येतो की एकानं विचारलं, दादा स्टुडिओ बांधला का? खाज मात्र बेकार सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कॉलर लावून बसतो.

मोठे काका म्हणतात, ज्यातून पैसा नाही ते बंद कर. मी म्हणतो शौकातून पैसा आलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? तुम्ही काय म्हणता?

जुना हिशेब

तुमचे काका बरोबर आहेत. सोसायटीत ३१ वर्षं खतावणी लिहिली, म्हणून आकड्यातच बोलतो. रोजचे दोन तास, वर्षाच्या ३०० रात्री, झाले ६०० तास. आठ तासांचा रोज धरला तर ७५ दिवस. चारशे रुपयांनी ३० हजार. कॉम्प्युटरचे २२ हजार सांगता, हे ३० कुठं लिहिले?

शौक आम्हीही केला. खंजिरी भजनाचं मंडळ होतं. पण चार माणसं समोर बसलेली असत. खोट्या वावरात खोटा कापूस वेचायचा नि तो नऊ जणांनी पाहायचा, याला शौक म्हणायचं तर मग खूळ कशाला म्हणायचं?

चाकणचा पोट्टा

काकाजी, मी त्याच नऊ जणातला. कंपनीतून सुटलो का रूमवर येतो, मेसचा डबा उघडतो अन् हेच लावतो. गेम मले काही समजत नाही. मी दादाचं बोलणं आयकतो. मागच्या हप्त्यात मशीन वळवता वळवता त्यानं सांगतलं का नाल्याकडच्या हरभऱ्यात डुकरं शिरले. माह्या बापाचं वावर त्याले लागूनच हाय. बाप फोनवर सांगत नाही, पोराले टेन्शन नको म्हणून. मले लाईव्हवर समजलं. आता बोला.

जुना हिशेब

मग बापाला फोन कर. डुकरांसाठी युट्यूब कशाला लागते?

चाकणचा पोट्टा

केला ना. मंगच केला.

वायरिंगवाला

शौक, पैसा, डुकरं, सगळं बाजूला ठेवा. कापसाच्या खोलीत कॉम्प्युटर?? भाऊ, किती क्विंटल आहे आत?

वायरिंगचं काम करता करता केस पिकले. कॉम्प्युटरच्या सप्लायचा पंखा खोलीतली हवा आत ओढते, हवेसोबत रुईचे तंतू. ते आत गरम भागावर जाऊन बसतात. एक्स्टेंशन बोर्डाची पिन सैल असली की ठिणगी. आणि कापसाची आग वरून विझली तरी आतून धुमसत राहते, दोन दिवसांनी पुन्हा उठते. इन्व्हर्टरची बॅटरी पण त्याच खोलीत असेल तर मला सांगूच नका, चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

पऱ्हाटी

३० क्विंटलच्या आसपास. बॅटरी पडवीत आहे, देवाशप्पथ. बोर्ड मात्र कापसाला टेकूनच ठेवलेला, खोटं बोलत नाही.

तुमचं वाचून आताच कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला. सप्लायच्या जाळीतून बोटानं ओढलं तर बोळाच आला हातात. समईची वात वळता येईल एवढा. मायनं पाहिला, काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

जुना हिशेब

२०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याच्या क्विंटलला ८,११०. तीस क्विंटलचे झाले २ लाख ४३ हजार ३००. नऊ जणांना यंत्र दाखवायला एवढं डावावर लावलं होतं म्हणायचं.

आंबियाबहार

मी वरुडकडचा. मीही या वाटेनं गेलो म्हणून विरोधात लिहितो, पण काकाजींच्या कारणानं नाही.

माझं मोबाईलवर होतं, बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. युट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह जायला आधी ५० सबस्क्रायबर लागतात, ते मावसभाऊ-चुलतभाऊ धरून भरले. वर्षभरात रात्रीचे साठ-सत्तर जण यायला लागले. २८ जुलै २०२२ ला गेम दुकानातून गायब. त्याच्या आधी २०२० च्या सप्टेंबरात पबजी गेला तेव्हाही असंच झालं होतं, तरी शहाणपण आलं नव्हतं. मे २०२३ मध्ये गेम परतला, माणसं परतली नाहीत. शौक करा, पण माणसं दुसऱ्याच्या गेमच्या भरवशावर गोळा करू नका.

दुसरं, लाईव्हचाच हट्ट कशाला? ७२० च्या चित्राला ३,००० केबीपीएस धरलं तर तासाला १.३५ जीबी वर जातात. फायबर आहे तोवर ठीक. रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली की तुम्ही मोबाईलच्या डेटावर येणार, दिवसाचे २ जीबी दीड तासात खलास. आणि गावातले लोक स्पीड पाहतात तो खाली येणारा. लाईव्हला वर जाणारा लागतो, तो मोबाईलवर रात्री आठनंतर झोपतो. त्यापेक्षा रेकॉर्ड करा, काटछाट करा, पहाटे सोडून द्या. लाईट गेली, मांजर उडी मारली, सगळं कापता येते.

पऱ्हाटी

मांजरीसाठीच तर येतात दोघं-तिघं.

रेकॉर्डिंग करून पाहिलं भाऊ. पाच व्हिडिओ टाकले. एकटाच बोलतो आहे हे आपल्यालाच ऐकू येते, दोन मिनिटांत बोली सुटून बातम्यांसारखं मराठी तोंडात येते. लाईव्हमध्ये कोणी लिहिते, 'धुऱ्यावरची (बांधावरची) तूर सोंगली का?' की लगेच गाडी रुळावर.

लाईटचं जमवलं. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर केलं, आधी साध्या मोडवर होतं तेव्हा लाईट गेली की बदलायला जो क्षण लागे त्यातच कॉम्प्युटर बंद पडे. दोन महिने मी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, दोष बटणाचा. राऊटरला नि फायबरच्या डब्बीला वेगळा बारका यूपीएस. बिटरेट, म्हणजे सेकंदाला वर जाणारा डेटा, २,५०० केबीपीएसवर बांधून ठेवला, चित्र जरा मळकट दिसते पण तुटत नाही. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, त्याला स्टॅबिलायझर.

आंबियाबहार

मग ग्राफिक कार्ड कोणतं? जीटी १०३० असेल तर त्यात व्हिडिओ एन्कोड करणारी चिपच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडते. स्वस्त म्हणून बरेच जण तेच घेतात नि फसतात.

पऱ्हाटी

१०५० आहे, तो त्रास नाही. दुकानदार १०३० च गळ्यात मारत होता, चार हजारांसाठी घासाघीस करत दुपार गेली.

दळण आणलं का

मघापासून वाचते आहे. वायरिंगवाल्या दादांशिवाय कोणाला घर दिसलं नाही.

'शौकातून पैसा नाही आला तरी चालते', हे वाक्य घरातला पुरुष माणूसच बोलू शकते. मी रांगोळीची चित्रं काढते, कागदावर, रंगीत पेन्सिलनं. पेन्सिलीचा डबा २४० चा. तो आणला तर सासूबाईंनी आठ दिवस विचारलं, याचं काय करणार? २२ हजारांच्या कॉम्प्युटरला तुमच्या घरी हा प्रश्न एकट्या काकांनी विचारला, आणि तुम्ही चर्चा लावली. नऊ ते अकरा तुम्ही यंत्र चालवता तेव्हा भांडी कोण घासते, दुधाला विरजण कोण लावते, सकाळच्या पाण्याचे गुंड कोण भरते?

लाईव्ह बंद करा म्हणत नाही. काकाजींनी ६०० तास मोजले ना, ते तुमच्या एकट्याच्या खात्यावर नाहीत एवढंच म्हणते.

पऱ्हाटी

वहिनी, भांडी मी पण... नाही. हप्त्यातून दोनदा. तेही हरभरा पेरायच्या आधी.

बायको आशाताई आहे, दिवसभर गावात फिरून नोंदवह्या भरते. तुमचं तिला वाचून दाखवलं. म्हणे, हे आधी वाचायचं होतं. पुढं काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

वडसा गाडी

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की रात्र रात्र नाटक. 'पोट्टे बिघडले' हे तेव्हाही म्हणत, आता तिकीट काढून पाहतात. पण म्हणून प्रत्येक खूळ नाटक होत नाही, हेही खरं.

मला एक सांगायचं होतं. पाहणारे शंभराच्या पुढे गेले की रमीवाले मेसेज टाकतात, 'लिंक लावा, इतके देतो.' माझ्या भाच्याला आला होता. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. आमदनी शून्य आहे म्हणता ना, ती शून्यच बरी. आणि घरातलं लहान पोर एकटं लाईव्हला बसवू नका, युट्यूबनं जुलै २०२५ पासून वयाची अट १६ केली आहे.

पऱ्हाटी

पुतण्या १४ चा आहे, त्याचाच फार जीव चालला होता. आता मीच शेजारी बसीन.

जुना हिशेब

काल रात्री पाहिलं. नातवानं लावून दिलं. वीस मिनिटं.

मत बदललं नाही. तुमच्या त्या वावरात बोंडअळी नाही, ओलावा १२ टक्क्यांवर गेला म्हणून गाडी परत फिरवणारा नाही, काट्यावर हात ठेवणारा नाही. असल्या शेतीत कोणीही राजा होईन. पटाचा सूर मात्र चांगला लावता, खोटं कशाला बोलू. पण ट्रॅक्टर वळवताना दर वेळी धुरा मोडता. तीनदा मोजलं.

पऱ्हाटी

काकाजी, तिथं धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही वावरं माझीच आहेत.

जुना हिशेब

म्हणूनच सवय बिघडते.

वायरिंगवाला

ते राहू द्या. बोर्ड हलवला का?

पऱ्हाटी

बोर्ड, टेबल, सगळं पडवीत आणलं. भिंतीला तीन वाकळा टांगल्या तरी आवाज पत्र्यावर आपटून परत येते, कापसाची सर नाही. ओबीएसमध्ये आवाज गाळायचं फिल्टर लावलं तर शब्दांची शेपटं कापते. बॅटरीपासून सहा फूट लांब बसलो आहे, विचारायच्या आधीच सांगतो. उन्हाळ्यात इथंच कूलर येईल, तेव्हाचं तेव्हा पाहू.

आज लाईव्ह नाही. या हप्त्यात मोटारीची लाईन रात्रीची आहे, हरभऱ्याला पाणी सोडायचं. सोमवारी नऊला. साडेनऊ म्हणा, भांडी झाल्यावर.

चाकणचा पोट्टा

मंग वावरातूनच लाव ना दादा, मोबाईलवर. खरा हरभरा पाहू.

पऱ्हाटी

४७ झाले रे सबस्क्रायबर. तीन कमी आहेत.

चाकणचा पोट्टा

रूममधी चार जण हाय. थांब.

वायरिंगवाला

मोटारीच्या पेटीपाशी ओल्या हातानं मोबाईल धरू नका.