मदत हवी आहे: गावच्या कौलारू घराचं छप्पर – कामाला कोणाला लावावं?

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. आई तिथे एकटीच असते, मी ठाण्यात. गेल्या पावसाळ्यात माजघरात आणि देवघराच्या भिंतीलगत गळायला लागलं. माकडं रोज छपरावर नाचतात, कौलं सरकतात, फुटतात, आणि शाकारणीला, म्हणजे कौलं परत नीट लावायला, माणूस मिळत नाही. शिमगा झाला की काम काढून मिरगाच्या आत संपवायचं आहे.

दोघांना घर दाखवलं. दोघांचं म्हणणं अगदी उलट, तिथेच घोडं अडलंय.

पहिला कंत्राटदार अंगणात उभा राहूनच म्हणाला, "सगळं वाळवीने खाल्लंय. उतरवून टाका, लोखंडी फ्रेम करू, वर पत्रा." जुनं लाकूड आणि कौलं तोच नेणार, म्हणून दर कमी लावतोय. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ मागतोय आणि अंदाजपत्रक म्हणजे व्हॉट्सॅपवर स्क्वेअर फुटाचा एक आकडा. आमचे वासे ऐन-किंजळीचे, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) सागाचं. त्या लाकडाचे किती धरलेत, असं विचारलं तर "त्यात काय राहिलंय आता" एवढंच उत्तर.

दुसरा सुतार. शिडी लावून वर गेला, थोडी कौलं बाजूला केली आणि प्रत्येक वाशाचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितलं. मधे ठोकलं तर लाकूड खणखणीत वाजत होतं. गळतीच्या बाजूच्या टोकांत मात्र पातं लोण्यात जावं तसं आत गेलं. तेवढ्याच वाशांवर त्याने खडूने फुल्या मारल्या आणि म्हणाला, हे बदला, रिपा (वाशांवरच्या, कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या) सगळ्या नव्या घाला, चांगली कौलं परत चढवा. अडचण अशी की त्याच्याकडे माणसं कमी आहेत आणि कागदावर काही लिहून देत नाही. "काकींना विचारा मी कसा आहे ते," म्हणतो.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण वाळवी लागलेल्या छपराची अशी अर्धी दुरुस्ती टिकते का? मला फक्त शनिवार-रविवारी जाता येतं, मग कामावर लक्ष कसं ठेवू? आणि नाइलाजाने पत्राच घालायची वेळ आली तर काय काय लिहून घ्यावं? पत्र्याखाली उन्हाळ्यात आईला त्रास होईल ही मोठी काळजी आहे. कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद १

वर चढून बघणाऱ्याला सोडू नका. वासे कुजतात ते भिंतीतल्या टोकाला, कारण ओल तिथे मुरते. ते अंगणातून कोणालाच दिसत नाही. टिकण्याचं म्हणाल तर आमच्या वडिलांनी अशीच दुरुस्ती करून घेतली होती, ती अजून उभी आहे. नवीन वाशांची टोकं भिंतीत घालण्याआधी डांबर लावून घ्या आणि वाळवीचं औषध सगळ्याच लाकडाला मारा, फक्त नव्याला नको.

तो लिहून देत नसेल तर तुम्ही लिहा. वहीचं एक पान पुरे: किती वासे, कुठलं लाकूड, मापं काय, किती दिवसांत, मजुरी किती. खाली दोघांच्या सह्या. लाकूड आणि रिपा वखारीतून तुमच्या नावाने घ्या, म्हणजे आगाऊ रकमेचा प्रश्नच राहत नाही. मजुरी आठवड्याला द्या, तुम्ही गेलात की काम बघून. थोडी रक्कम मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवा, आणि हे त्याला आधीच सांगा. नंतर सांगितलंत तर मनं दुखावतात.

कौलं उतरवण्याआधी मोजून ठेवा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उतरवताना काही फुटणारच, पण किती गेली ते तुम्हाला कळायला हवं. जुनी भाजणी पक्की असते, टिचकी मारून बघा.

त्याने केलेली घरं बघायला जाल तर दोन-तीन पावसाळे काढलेलं घर बघा. घरमालकाला एकच विचारा: गळल्यावर बोलावलं तेव्हा आला का?

प्रतिसाद २

आमचं घर दापोलीकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वाडीतले पत्रे नुसते उडाले नाहीत, काही ठिकाणी फ्रेमसकट गेले. फ्रेमचे खांब सरळ चिऱ्याच्या भिंतीत बोल्टने आवळले होते. चिरा मऊ, बोल्ट धरून ठेवत नाही. भिंतीवर काँक्रीटचा बेड घालून त्यात प्लेट बसवलेल्या घरांचं छप्पर राहिलं. म्हणून पत्रेवाल्याला पहिला प्रश्न जाडीचा विचारू नका. फ्रेम भिंतीला कशी धरणार, हे विचारा. उत्तर देताना अडखळला तर समजून जा.

त्यानंतर जाडी. "चांगला पत्रा" असं लिहून घेऊ नका. कंपनीचं नाव आणि जाडी मिलिमीटरमध्ये, रंगासकट की रंगाविना, हेही. ०.५० सांगून ०.३५ आणणारे आहेत. माल उतरला की मायक्रोमीटरने मोजा. स्क्रू रबरी वॉशरचे, आणि पागोळीकडच्या कडेला जास्त, कारण वारा तिथूनच पत्रा उचलतो. वेल्डिंगच्या जोडांना रेड ऑक्साइड मारल्याशिवाय पत्रा चढवू देऊ नका, एकदा झाकलं की ते कोणी बघत नाही.

काकूंसाठी म्हणाल तर कौलंच ठेवा. पत्र्याखाली चैत्र-वैशाखात दुपारी बसवत नाही आणि पावसात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आईशी बोललो, कौलंच ठेवायची. सुताराला काल फोन केला. पानावर सही करायला तयार आहे, फक्त म्हणाला की अक्षर मोठं काढा. माणसं कमी असल्यामुळे एकेक पाखं (छपराची एक उतरती बाजू) घेऊन काम करू म्हणतोय, म्हणजे आईला घर सोडावं लागणार नाही.

आता रिपांचं. वखारवाला सरळ बाहेरून येणारं स्वस्त लाकूड घ्या म्हणतो, सुतार ऐनावर अडून बसलाय. संगमेश्वर-साखरपा भागात अलीकडे कोणी रिपा घातल्या असतील तर कुठलं लाकूड घेतलं आणि कुठून, ते कृपया कळवा. या रविवारी वखारीत जायचं आहे.