१० बाय ११ ची गेम रूम, रोलप्लेइंग गेम्सचं कलेक्शन कसं मांडू? (मुंबईचा पावसाळा धरून सांगा)

मुलुंडचा_डीएम
नमस्कार मंडळी. आईबाबा आता कोकणात राहायला गेलेत, त्यामुळे घरातली एक खोली मोकळी झालीय आणि बायकोच म्हणाली की माळ्यावरची ती सगळी पुस्तकं खाली काढ आणि इथे नीट लाव. मध्ये सहा जणांचं टेबल राहणारच कारण शनिवारी ग्रुप खेळायला बसतो, ते हलवणार नाही. कलेक्शन म्हणजे रोलप्लेइंग गेम्सची (टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची तसले खेळ) पुस्तकं: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचव्या एडिशनची बरीचशी हार्डकव्हर, मामेभावाने अमेरिकेतून आणलेला १९८३ चा लाल बेसिक सेट, ट्रॅव्हलर नावाच्या खेळाची छोटी काळी पुस्तकं, कॉल ऑफ क्थुलू हा खेळ, बॉक्स सेट, डीएम स्क्रीन (खेळ चालवणारा डंजन मास्टर समोर उभा करतो तो पुठ्ठ्याचा आडोसा), नकाशे आणि मिनिएचर म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, त्यातल्या काही जुन्या धातूच्या. सुतार म्हणतो खिडकीची पश्चिमेची अख्खी भिंत घेऊ, काचेचे शटर, आत एलईडी पट्ट्या, फळ्या ४ फुटी. दिसायला भारी होईल पण मला धाकधूक वाटतेय. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे आणि टिकलंही पाहिजे. काय करू?

दादरचा_फासा
दादा आधी भिंत बदला, बाकी सगळं नंतर. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत चार महिने भिजत राहते, त्याला कपाट चिकटवलं की मागे हवा खेळत नाही आणि बुरशी आधी मागच्या प्लायला आणि मग पुस्तकांच्या पानांना धरते. आतली भिंत घ्या, जिच्या पलीकडे दुसरी खोली आहे (बाथरूम नको). तरीही भिंतीपासून दोन इंच सोडाच, आणि खालचा खण जमिनीपासून चार-पाच इंच वर, लादी पुसताना पाणी लागतं.

फळ्या ४ फुटी अजिबात नको. ही हार्डकव्हर साधारण किलोकिलोची असतात, एका फुटात १४-१५ बसतात, म्हणजे ४ फुटांच्या फळीवर ५०-६० किलो झाले, मध्ये झोल येणारच. १८ एमएम प्लायला अडीच फुटांपुढे जाऊ नका आणि पुढच्या कडेला सागाची पट्टी मारून घ्या. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ते मरीन ग्रेड. स्वस्तातल्या पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही.

पुस्तकवेडी_गिरगाव
भिंतीचं वरच्या दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के. मी जुनी पुस्तकं शिवते आणि बांधते, त्यामुळे कागदाचं सांगते. काचेचं शटर चालेल पण ते घट्ट बंद असेल तर आत सिलिका जेल हवंच, निळं दाणेदार मिळतं ते ओल धरलं की गुलाबी होतं, मंद आचेवर तापवलं की परत निळं. उघड्या रॅकमध्ये त्याचा काही उपयोग नाही, खोलीतली सगळी ओल ते कुठून शोषणार. एक छोटं हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं) आत ठेवा. ५० टक्क्यांच्या आसपास उत्तम, ६५ च्या वर टिकून राहिलं की बुरशीची तयारी सुरू, मग एसी ड्राय मोडवर लावा. कसर लागू नये म्हणून आजी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवायच्या, ठेवायचाच असेल तर पूर्ण वाळलेला आणि कापडी पुरचुंडीत, सुटा पाला पानांत ठेवला की डाग पडतात.

आणि हात जोडून सांगते, स्टेशनरीवाल्याकडचं ते वासाचं मऊ पीव्हीसी कव्हर घालू नका. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) उन्हाळ्यात सुटतं आणि छपाईला चिकटतं, काढताना शाई निघून येते. पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या घ्या. लाल सेट तर उजेडापासून सगळ्यात जास्त जपा, लाल शाई पटकन उडते, कणा गुलाबी पडलेली पुस्तकं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. खिडकीला यूव्ही फिल्म लावा, एलईडी फक्त खेळायला बसल्यावर चालू आणि त्याचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा डबा) कपाटाच्या बाहेर ठेवा, तोही गरम होतो.

ठाण्याचा_वाटाड्या
मांडणीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळं कण्यांनी उभं लावलंत तर पाहुण्याला ते अकाउंट्सच्या पुस्तकांसारखंच दिसणार. डोळ्याच्या उंचीचा एक खण फक्त समोरून दाखवायला ठेवा, तीन-चारच वस्तू, आणि दर मोहिमेला (अनेक बैठकी चालणारी एक सलग गोष्ट) बदला. लाल सेटवरचं लॅरी एल्मोरचं ड्रॅगनचं चित्र आणि शेजारी २०१४ चं प्लेअर्स हँडबुक ठेवून बघा, तीस वर्षांत हा खेळ कसा बदलला ते न सांगता कळतं, लोक आपणहून विचारायला लागतात. ट्रॅव्हलरच्या काळ्या पुस्तकांना (१९७७ चा खेळ, तेव्हा रोलप्लेइंग हा प्रकार जेमतेम तीन वर्षांचा होता) मोठ्या पुस्तकांत घुसवू नका, ती हरवतात, त्यांना बुटका वेगळा खण द्या. बॉक्स सेट एकावर एक दोनपेक्षा जास्त नको, खालच्याचे कोपरे फाटतात.

आणि जी चालू मोहीम आहे तिची पुस्तकं काचेमागे नकोतच. ती टेबलावरून हात पोचेल अशा उघड्या खणात. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण काढायला कटकट झाली की पीडीएफ उघडला जातो आणि पुस्तक नुसतं शोभेला राहतं. ही पुस्तकं हाताळायलाच छापलीत.

शिशाचा_शिपाई
मिनिएचरबद्दल. नव्वदच्या आधीच्या बऱ्याच धातूच्या मिनींमध्ये शिसं असतं. लाकडातून, खास करून ओक आणि ताज्या एमडीएफमधून (लाकडाचा तंतू दाबून केलेला बोर्ड), आम्लाची वाफ निघते आणि बंद काचेत ती शिशाला खाते, वर पांढरी भुकटी दिसायला लागते. ती विषारी आहे, फुंकू नका आणि घरात लहान मूल असेल तर मिनी त्याच्या हाती लागू देऊ नका. या मिनी नव्या कपाटात नकोतच, ॲक्रिलिकच्या वेगळ्या डब्यात ठेवा, रंगवलेल्या असतील तरी बेसची खालची बाजू तपासा.

मुलुंडचा_डीएम
काय सांगू, तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंत! आतली भिंत नक्की, फळ्या अडीच फुटी, सुताराला आजच फोन करतो. शिशाचं तर मला माहीतच नव्हतं, घरी भाची येते, मिनी आजच वेगळ्या काढतो. एकच राहिलं, मोठा घडीचा नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवला तर?

पुस्तकवेडी_गिरगाव
थेट काचेखाली नको हो, दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि मग सुटत नाही. फ्रेम करून घ्या, कागद आणि काच यांच्यामध्ये जाड माउंटबोर्डची चौकट राहील अशी, आणि घड्या आधी जड पुस्तकांखाली चार दिवस दाबून सपाट करा, इस्त्री नका फिरवू.