धंतोलीतील जुना ब्लॉक, वाळवीची शंका आणि तोंडावर आलेले इसारपत्र : तपासणी कोणाकडून करून घ्यावी?

नमस्कार. नागपुरातील धंतोलीत, चार ब्लॉकच्या एका दुमजली इमारतीतील तळमजल्यावरचा ब्लॉक विकत घेण्याचे आम्ही जवळजवळ नक्की केले आहे. बांधकाम 1968 च्या आसपासचे आहे. भार पेलणाऱ्या विटांच्या भिंती, वर स्लॅब, दारे-खिडक्या आणि भिंतीतली कपाटे मात्र सगळी लाकडी. मागच्या अंगणात कडुलिंब आणि चौघांची सामायिक विहीर आहे. टोकन देऊन झाले आहे, इसारपत्र तीन आठवड्यांनी करायचे आहे, आणि त्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मृगाची पहिली सर येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घर तिसऱ्यांदा पाहिले. दिवाणखान्यातील खिडकीखाली पारदर्शक पंखांचा सडा पडला होता. "पावसाळी किडे आहेत, दरवर्षीचेच," असे म्हणत घरमालकीण काकूंनी ते केरसुणीने लोटले. मी चिमूटभर पंख कागदात बांधून घरी आणले आणि भिंगाखाली पाहिले. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात, हे सगळे मात्र सारख्याच लांबीचे होते. अर्थात दिव्याच्या ओढीने ते बाहेरूनही आले असतील, म्हणून त्यावरून मी काही निष्कर्ष काढला नाही.

खरी शंका आली ती कूलरच्या खिडकीपाशी. घरातील इतर कोणत्याही चौकटीला वर्षानुवर्षे हात लागलेला नसताना या एकाच चौकटीला ताजा ऑईल पेंट दिलेला होता. खालच्या कोपऱ्यावर सहज अंगठा टेकवला, तर रंगाचा पापुद्रा भाजलेल्या पापडासारखा आत दबला आणि अंगठ्याला ओलसर माती लागली. घर विकणाऱ्या काकांचे म्हणणे असे की चौकट कूलरच्या पाण्याने कुजली आहे, बाकी सारे लाकूड बल्लारपूरचे सागवान आहे आणि सागवानाला उधई लागत नाही. ते माझ्या वडिलांच्या जुन्या परिचयातले आहेत. तपासणीचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला, हे मला अजून डाचते आहे.

तरीही त्यांच्या संमतीने दोन पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले. पहिल्याने दहा मिनिटांत, माळ्यावर न चढता, संपूर्ण घराला ड्रिलिंग (भोके पाडून औषध सोडणे) लागेल असे सांगून पाच वर्षांच्या वॉरंटीचा दर दिला. दुसरा म्हणाला की घरात काहीही नाही, खबरदारी म्हणून एक फवारणी पुरे. लेखी अहवाल दोघांपैकी एकानेही दिला नाही. आता विश्वास कोणावर ठेवावा, भिंती न फोडता काय काय पाहता येते, आणि वाळवी निघालीच तर इसारपत्रात त्याची तरतूद कशी करावी, यावर कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

मी स्थापत्य अभियंता असून, निवृत्तीपूर्वी नागपुरातील बऱ्याच जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या पाहिल्या आहेत. आपल्या वर्णनात एक गोष्ट निर्णायक आहे. नुसत्या कुजलेल्या लाकडाच्या आत माती नसते. ते मऊ पडते, तंतू सुटतात किंवा आडव्या भेगा जातात; वाळवी मात्र लाकूड रेषेरेषेने आतून पोखरते, वरचा रंग तसाच ठेवते आणि पोकळीत माती भरते. काका खोटे बोलत आहेत असे मात्र समजू नका. कूलरचे पाणी वर्षाचे तीन-चार महिने चौकटीवर ठिबकते, लाकूड ओले होते आणि वाळवीला नेमके तेच हवे असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत सुखाने नांदतात. सागवानाबद्दलही त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. बाहेरचे फिकट लाकूड मात्र ती खाते, आणि जुन्या चौकटींत हे फिकट लाकूड अनेकदा आलेले असते.

फुकट तपासणी करणारा माणूस औषधही विकतो, म्हणून त्याचे मत एकतर्फी धरावे. एखादा अनुभवी सुतार आणि स्वतंत्र अभियंता यांना फी देऊन एकत्र न्यावे. स्नानगृहाला लागून असलेल्या दाराच्या चौकटीचे जोत्याजवळचे टोक, ओट्याखालची जागा, पाइप भिंतीत शिरतो ती भोके, भिंतीतल्या कपाटांच्या मागच्या फळ्या, मीटरचा लाकडी बोर्ड आणि माळा, एवढे तरी पाहायलाच हवे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकत जावे. पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. बाहेरून, कुंड्यांची किंवा वाफ्याची माती जोत्याच्या वर चढली आहे का ते बघा, कारण तिथून वाळवी कोणाला न दिसता आत येते.

मातीची नळी दिसली तर ती पुसून टाकू नका. उजेड आणि कोरडी हवा वाळवीला सोसत नाही, म्हणून ती या नळीतूनच ये-जा करते. मधला इंचभर भाग मोडून तीन-चार दिवसांनी पाहा. नळी पुन्हा सांधली गेली असेल तर वसाहत जिवंत आहे. सांधली नसेल तर मात्र ती गेली असे म्हणता येत नाही, कारण तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

वसाहत जमिनीखाली असल्याने वरवरच्या फवारणीने वाटेत सापडतील तेवढ्याच मरतात. उभ्या इमारतींच्या उपचारासाठी भारतीय मानक आयएस 6313 चा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि जमीन मिळते तिथे 300 मिलिमीटर अंतराने 12 मिलिमीटरची भोके पाडून औषध खाली सोडण्याची पद्धत दिली आहे. परंतु आपल्याकडे विहीर आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी तिचाच विचार व्हायला हवा. मातीत सोडलेले औषध पाण्यात उतरण्याचा धोका खरा आहे, तेव्हा विहिरीचे अंतर सांगितल्याशिवाय कोणालाही काम देऊ नका. काम करणाऱ्याकडे कीटकनाशके अधिनियम, 1968 खालील परवाना आहे का, हेही विचारा.

घाबरून व्यवहार मोडण्याचे कारण मला दिसत नाही. वाळवी विटा आणि स्लॅब खात नाही. जुन्या नागपुरातील महाल भागातल्या वाड्यासारख्या तुळया लाकडी असत्या तर मी वेगळे लिहिले असते.

प्रतिसाद 2

कायद्याच्या बाजूपुरते लिहितो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. आपल्याला मात्र तो अंगठ्याने सापडला आहे, त्यामुळे नंतर माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालील पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी नव्या प्रकल्पाच्या प्रवर्तकावर (बिल्डरवर) असते, अशा पुनर्विक्रीत ती उपयोगाची नाही. बँकेचा मूल्यांकनकर्ता किंमत पाहतो, चौकट ठोकून पाहत नाही. म्हणून तपासणीचा अहवाल इसारपत्राला जोडावा, आणि उपचाराचा व चौकटी बदलण्याचा खर्च किंमतीतून वजा व्हावा की विक्रेत्याने आधीच करून द्यावा, हे रकमेसह लिहून घ्यावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पहिला प्रतिसाद मी काल काकांना वाचून दाखवला. कूलरचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला आणि तपासणीचा खर्च मी करणार असेन तर त्यांची हरकत नाही, असे स्वतःच म्हणाले. सुतार आणि अभियंता रविवारी येत आहेत. भिंतीतल्या कपाटामागे बोटभर रुंदीची एक नळी सापडली आहे, ती रविवारी सर्वांसमोर मोडून गुरुवारी पुन्हा पाहू. विहीर आमच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर आहे आणि वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबे तिचे पाणी धुण्याभांड्यांना वापरतात. अशा स्थितीत मागची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना ड्रिलिंग केले तर त्याचा काही उपयोग होतो का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?