मदत हवी आहे: गेमिंगसाठी डेस्कटॉप आणि मॉनिटर (पुणे), शनिवारपर्यंत ठरवायचंय

वारजेकर:
नमस्कार मंडळी. गेमिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचाय, मॉनिटरसकट. एका दुकानदाराने कोटेशन दिलंय: कोर आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, २४ इंची मॉनिटर, काचेचं कॅबिनेट, सगळं मिळून ३८ हजार. शनिवारपर्यंत हो-नाही कळवा, नंतर भाव वाढतील म्हणाला. आत्ताच्या लॅपटॉपवर गेम अडकत अडकत चालतो, नेमका मारामारीच्या वेळी चित्र थांबतं. वैताग आलाय. मला बाकी काही नको, गेम स्मूद चालला पाहिजे. हे घेऊ का? लवकर सांगा प्लीज. लॅपटॉप घ्या असं कुणी सांगू नका.

पेठकर:
गेम कोणते? बजेटची वरची मर्यादा किती? आय७ कितव्या पिढीचा? ग्राफिक कार्डाचं पूर्ण नाव काय? मॉनिटर किती हर्ट्झचा (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो)? रॅमची स्टिक एक की दोन? एवढं कळल्याशिवाय घ्या किंवा नका घेऊ कसं सांगणार?

वारजेकर:
आय७ म्हणजे वरचाच ना? आय५ पेक्षा भारी. गेम नेहमीचेच. बजेट ३८ च्या वर जाऊ शकतो, पण गरज आहे का ते सांगा.

घाटमाथा:
डेस्कटॉपच्या फंदात पडू नका. मी गेमिंग लॅपटॉप वापरतो, खाली कूलिंग पॅड ठेवलाय, टेबल मोकळं राहतं आणि सुट्टीत गावी पण नेता येतो. पुण्यात भाड्याची घरं बदलावी लागतात, दरवेळी तो मोठा डबा कुठे उचलत बसणार?

बाणेरची_ताई:
मुलगा कितवीत आहे? आमच्याकडे हाच विषय झाला होता. शाळा असते त्या दिवशी गेम बंद आणि मॉनिटर हॉलमध्ये, एवढ्या दोन अटींवर घेऊन दिला. डोळ्यांसाठी निळा प्रकाश कमी करण्याचं सेटिंग असतं, ते संध्याकाळी चालू ठेवा. आणि एखाद्या मैदानी खेळाला नक्की घाला.

वारजेकर:
ताई, मुलगा नाही, मीच खेळतो. वय ३१, हिंजवडीत नोकरी. रात्री ऑफिसमधले चौघे मिळून व्हॅलोरंट, आणि रविवारी एकट्याने सायबरपंक २०७७ खेळायचाय.

पेठकर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दोन्ही गेम अगदी वेगळ्या जातीचे आहेत. व्हॅलोरंट प्रोसेसरवर चालतो, सायबरपंक ग्राफिक कार्ड पिळून काढतो. आता दुकानदाराला व्हॉट्सॲप करा: प्रोसेसर, बोर्ड, कार्ड आणि मॉनिटर, प्रत्येकाचा मॉडेल नंबर. आय७ हे नाव इंटेल २००८ पासून लावतंय, नुसत्या नावावरून काही कळत नाही.

वारजेकर:
उत्तर आलं. आय७-३७७०, एच६१ बोर्ड, जीटी ७३० ४ जीबी, मॉनिटर ७५ हर्ट्झ. रॅम ८ ची दोन, डीडीआर३. वॉरंटी एक वर्ष, दुकानाची.

रानवाट:
थांबा, पैसे देऊ नका. सविस्तर लिहितो, कारण अशी कोटेशनं सध्या गावोगाव फिरताहेत आणि लोक आय७ व ४ जीबी एवढंच बघून फसतात.

आय७-३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). त्या काळी उत्तम होता. आजचा साधा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतलात तर सहा कोअर, बारा थ्रेड मिळतात आणि एकेक कोअरही कितीतरी वेगवान. ३७७० बनणं कधीच बंद झालंय, त्यामुळे तुम्हाला मिळेल तो कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला असणार. नवीन असते ती फक्त कॅबिनेटची काच. वॉरंटी कंपनीची नसून दुकानाची आहे, ती याचमुळे.

जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, मुळात स्क्रीन दिसण्यापुरतं. ४ जीबी हा आकडा टाकीचा आहे, नळ किती बारीक ते कुणी सांगत नाही. त्यातल्या ६४ बिट डीडीआर३ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी. आरटीएक्स ४०६० या कार्डाचा २७२ जीबी. सायबरपंकच्या कंपनीने स्वतः दिलेली किमान गरज बघा: आय७-६७००, जीटीएक्स १०६० ६ जीबी, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. किमान! तुमचं कार्ड त्याच्या आसपासही नाही.

तिसरी गोष्ट विंडोजची. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, ३७७० तिसऱ्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी लागतात. जुगाड करून ११ टाकलंत तरी हा गेम दारातच अडवेल.

वारजेकर:
बापरे. म्हणजे सगळंच जुनं. दुकानदार तर गेमिंग पीसी म्हणूनच विकतोय. मग काय घेऊ ते सरळ सांगा. ७५ पर्यंत जाईन, मॉनिटर धरून. त्याच्या वर नाही.

घाटमाथा:
७५ मध्ये चांगला गेमिंग लॅपटॉप येतो.

चिंचवडी:
लॅपटॉप नको म्हणालाय ना तो. आणि त्या पैशात येणाऱ्या लॅपटॉपमध्ये कार्डाला वीज कमी देतात. नाव तेच असतं, कामगिरी डेस्कटॉपसारखी नसते. तापला की आणखी हळू. त्याची मूळ तक्रारच अडकण्याची आहे.

घाटमाथा:
माझा तापत नाही.

रानवाट:
आजचे भाव इथे लिहीत नाही, उद्या बदलतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅम भडकली आहे, त्यामुळे दुकानदाराचं भाव वाढण्याचं बोलणं अगदीच खोटं नाही, पण म्हणून घाईने हे जुनं मशीन घ्यायचं कारण नाही. पैसे असे वाटा: आधी मॉनिटरचे बाजूला काढा, उरलेल्यातले निदान चाळीस टक्के ग्राफिक कार्डावर. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बोर्ड बी५५०, रॅम ८ च्या दोन स्टिक, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), ५५० वॅटचा नाव असलेला पॉवर सप्लाय. कार्ड आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, जे बजेटमध्ये बसेल ते.

रॅम एकच १६ ची देतात, नंतर वाढवा म्हणतात. ऐकू नका. दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला दुप्पट रुंद वाट मिळते, आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये मधूनच बसणारे झटके कमी होतात.

सिंहगड_पायवाट:
५६०० आता कशाला सुचवताय? एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) संपलं. एएम५ घ्या, रायझन ५ ७६०० टाका. एएमडीने एएम५ चा सपोर्ट २०२७ आणि पुढेही ठेवणार असं सांगितलंय. तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा.

रानवाट:
एएम५ ला डीडीआर५ च लागते आणि ती सध्या बरीच महाग आहे. ७५ मध्ये मॉनिटर धरून ७६०० बसवलात तर कात्री कार्डाला लागणार. याला सायबरपंक आत्ता खेळायचाय, तीन वर्षांनी नाही.

सिंहगड_पायवाट:
कार्ड नंतर बदलता येतं, बोर्ड बदलणं म्हणजे सगळं उचकटणं. मी माझ्या भावाला हेच सांगितलं आणि तो समाधानी आहे. शिवाय ७६०० मध्ये आतलं ग्राफिक असतं, कार्ड बिघडलं तरी मशीन चालू राहतं. ५६०० मध्ये स्क्रीन काळी.

पेठकर:
दोघांचं बरोबर आहे, पण बजेट ठरलेलं आहे. ५६०० घ्यायचा तर बी५५० च घ्या, दुकानात बी४५० गळ्यात मारतील. ५०६० ला आठच लेन (बोर्डाशी बोलण्याच्या वाटा) असतात आणि बी४५० वर त्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की फरक जाणवतो.

चिंचवडी:
८ जीबी विषय निघालाच आहे तर सांगतो, ८ घेऊच नका. ९०६० एक्सटी १६ जीबीत येतं. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखे प्रकाश-सावली) चालू केलं की ८ मध्ये गुदमरतं.

रानवाट:
१०८० पीला (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा), टेक्श्चर एक पायरी खाली ठेवून ८ मध्ये छान चालतं. १६ परवडलं तर उत्तमच. त्यासाठी मॉनिटर मात्र कापू नका.

कोपरा_टेबल:
एवढं डोकं कशाला लावताय, पीएस५ घ्या. टीव्हीला जोडा, खेळा. ड्रायव्हर नाही, बायोस नाही.

वारजेकर:
चौघांचा ग्रुप पीसीवर आहे हो, मी एकटा पीएस५ वर बसून काय करू. मॉनिटरचं कुणीच बोलत नाहीये. २७ इंची कर्व्ह्ड बघितलाय, १०८० पी, २४० हर्ट्झ, दिसायला जबरदस्त. घेऊ?

पेठकर:
नको. २७ इंचावर १०८० पी म्हणजे इंचाला साधारण ८२ ठिपके. ऑफिसच्या टेबलाएवढ्या अंतरावरून अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. २४ इंचावर ९२ येतात, ते ठीक. २७ हवाच असेल तर १४४० पी घ्या, पण मग कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात. तुमच्या बजेटला २४ इंची, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ. पॅनेल कोणतं (आयपीएस की व्हीए, हे पडद्याचे प्रकार) तेही विचारा. कर्व्ह्ड बहुतेक व्हीए असतात, स्वस्त व्हीएमध्ये सायबरपंकच्या रात्रीच्या गल्ल्यांत काळं मागे ओघळतं.

रानवाट:
आणि स्मूद म्हणजे नक्की काय ते इथे बघा. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर ६.९ ने. पण सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) जास्त असूनही मध्येच एखादं चित्र ५० मिलिसेकंद अडलं की डोळ्याला झटका बसतोच. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा हेच होतंय. म्हणून यूट्यूबवर चाचण्या बघताना सरासरी बघू नका, एक टक्का लो (सर्वात हळू एक टक्का चित्रांचा वेग) नावाचा आकडा बघा. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जी-सिंक कंपॅटिबल हवंच, म्हणजे एफपीएस वरखाली झाले तरी मॉनिटर त्याच तालावर चित्र बदलतो.

सिंहगड_पायवाट:
५०६० मध्ये मल्टी फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डच बनवतं) आहे, ते चालू केलं की २०० च्या पुढे एफपीएस. झटक्यांचा प्रश्नच नाही.

रानवाट:
त्या मधल्या चित्रांनी हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा राहतो, थोडा मंदच. मूळ ३० असेल तर हाताला ३० च लागणार. मूळ ६० च्या वर असेल तर सायबरपंकमध्ये खुशाल वापरा. व्हॅलोरंटला त्याची गरजच नाही.

सिंहगड_पायवाट:
मी वापरतो, मला काही मंद वाटत नाही.

जुना_सोल्डर:
खरेदीला इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत जा. गाडी नेऊ नका, बाजीराव रस्त्यावर पार्किंग मिळत नाही. वारज्याहून वनाजला या, मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट), तिथे खाली उतरून स्वारगेटची मेट्रो, मंडई स्टेशन. पासोड्या विठोबापाशी चालत पोचाल. मी त्या गल्लीत कॉलेजात असल्यापासून जातोय. ट्रान्झिस्टर, कंडेन्सर कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे आणि पुडीवर पेन्सिलीने व्हॅल्यू लिहायचे. तिथली माणसं वस्तू हातात घेऊन बोलतात. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडून आत काय निघेल त्याचा भरवसा कोण देणार?

चिंचवडी:
काका, गल्लीतही आता सगळ्यांच्या हातात ऑनलाइनचे भाव असतात. मी तरी प्रोसेसर आणि रॅम ऑनलाइन, मॉनिटर दुकानातून डेड पिक्सेल बघून, असं करतो.

जुना_सोल्डर:
मॉनिटर बघून घ्या, हे अगदी खरं. पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून कोपरे तपासायचे. तसंच सगळे भाग एकाच ठिकाणी घेतलेत तर बिघाडाच्या वेळी हा म्हणेल रॅम खराब, तो म्हणेल बोर्ड खराब, ही टोलवाटोलवी होत नाही.

बाणेरची_ताई:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, तिथे प्रिंटरची शाई भरून देणारे आहेत का अजून?

जुना_सोल्डर:
आहेत ताई, पण टँकवाला प्रिंटर घ्या, कायमची कटकट जाईल. व्यनि (खासगी निरोप) करतो.

वारजेकर:
कोटेशनवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता असं ठरतंय: ५६००, बी५५०, ८ ची दोन, १ टीबी, ५०६०, २४ इंची आयपीएस १८० हर्ट्झ. ९०६० एक्सटी १६ जीबी बजेटमध्ये बसलं तर ते. शेवटचं विचारतो, आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, मधूनही झटके देते. ऑफिसचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल?

चिंचवडी:
नाही चालणार. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. तुमचं मशीन भर गेममध्ये मॉनिटरसकट तीनशेच्या आसपास ओढेल, मधूनच त्याच्या वर उसळी मारेल, आणि जुन्या बॅटरीवर यूपीएस त्याच क्षणी बंद पडेल. १ केव्हीएचा घ्या, शक्यतो साइनवेव्ह. काम एवढंच की गेम सेव्ह करून नीट बंद करता यावं. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, वारज्यात जुन्या इमारतीत असाल तर नक्कीच.

पेठकर:
पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला लावा. जीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये कार्डाचं नाव आणि मेमरी बघा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. वेग कमी दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवण्याचं सेटिंग) चालू करून द्यायला सांगा. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर आणि जीएसटी. घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लावा, मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १८० करा. तो बहुतेक वेळा ६० वरच असतो, आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळत राहतात.

घाटमाथा:
माझ्या लॅपटॉपचा आत्ता बघितला, ६० वर होता. १४४ केला. धन्यवाद पेठकर.