ब्लॉकेडला नाकेबंदी म्हणायचं, कोंडी की वेढा? (जपान 1945, जर-तर)

अटकेपार:
मंडळी, जरा मदत हवीये. जर-तरचा एक लेख लिहितोय. 1945 ला अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकलेच नसते, जपानच्या क्यूशू बेटावर सैन्यही उतरवलं नसतं, नुसता समुद्र बंद करून बसले असते तर युद्ध कधी आणि कसं संपलं असतं, असा विषय आहे. (आत्याबाईला मिशा असत्या तर... हे कुणीतरी लिहिणारच, तर ते लिहून झालं असं समजा.) घोडं अडलंय ते ब्लॉकेड या शब्दावर. सगळीकडे नाकेबंदी लिहिलं आणि भावाला वाचायला दिलं, तर तो म्हणतो मला थर्टीफर्स्टच्या रात्री गाड्या बाजूला घेऊन तोंडाचा वास घेणारे पोलीस दिसतात. आता मलाही तेच दिसायला लागलंय. काय वापरू?

शब्दखोर:
पोलिसांची ती नाकाबंदी आणि लढाईतली ती नाकेबंदी असा फरक पूर्वी बऱ्यापैकी पाळायचे, आता सगळा आनंद आहे. मूळ एकच, नाका, म्हणजे वाटेवरची मोक्याची जागा जिथून जाताना जकात भरल्याशिवाय सुटका नाही. 71 च्या युद्धात विक्रांतच्या ताफ्याने चितगाव, कॉक्स बाझारकडचा समुद्र बंद केला त्याला आपल्याकडे नाकेबंदीच म्हणतात आणि ते कानाला खटकत नाही, त्यामुळे पुढे 'सागरी' लावलंस की काम भागेल. नाविक अवरोध मात्र कृपा करून नको, चूर्णाच्या डबीवर शोभतो तो शब्द.

बाकी 'नाक दाबलं की तोंड उघडतं' मधल्या नाकाचा या नाक्याशी संबंध असो-नसो, पण अमेरिकन नेव्हीची अख्खी थिअरी त्या म्हणीत बसते.

मी_ठाणेकर:
वेढा का नको पण? जंजिऱ्याला वेढा म्हणतोच की आपण, तिथेही समुद्रच आहे.

दर्यावर्दी:
वेढा म्हटलं की गोल करून बसलेलं सैन्य आलं, मोर्चे आले, आत किल्लेदार आणि शिबंदी आली. जपानभोवती असं कुणी रिंगण करून उभं नव्हतं. आधी दोन-तीन वर्षं सबमरीननी मालवाहू जहाजं टिपली. युद्ध सुरू झालं तेव्हा जपानकडे सुमारे 60 लाख टनांची जहाजं होती, मधल्या काळात आणखी बांधूनही शेवटी त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास उरली, आणि बुडाली त्यातली निम्म्याहून जास्त सबमरीननी बुडवली. 1945 च्या वसंतापर्यंत दक्षिणेकडून येणारं तेल जवळजवळ बंदच झालं होतं.

मग 27 मार्च 1945 पासून टिनियन बेटावरून बी-29 विमानं रात्री यायची आणि पॅराशूटने सुरुंग सोडायची, सगळ्यात जास्त शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत. होन्शू आणि क्यूशूच्या मधली ही चिंचोळी वाट, कोरियाकडून येणारी जहाजं आतल्या समुद्रात शिरायची ती इथूनच, म्हणजे अटकेपार तुला अस्सल 'नाका' हवा असेल तर हाच. बारा हजारांवर सुरुंग टाकले, विमानं गमावली पंधराच्या आसपास. सुरुंग पण साधे नाहीत, काही जहाजाच्या लोखंडाने फुटणारे, काही आवाजाने, काही जहाज वरून जाताना पाण्याचा दाब बदलतो त्याने, आणि वर मोजणी लावलेली, म्हणजे पहिली काही जहाजं बिनबोभाट जाऊ द्यायची आणि मग पुढच्याला उडवायचं. त्यामुळे सुरुंग काढणाऱ्या बोटी एकदा फिरून वाट मोकळी म्हणून सांगायच्या त्याला काही अर्थच उरायचा नाही. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षं जपानी लोक हे साफ करत होते, त्यात इतके तयार झाले की 1950 ला कोरियात वोनसानचं बंदर साफ करायला अमेरिकेने त्यांनाच नेलं.

थोडक्यात इथे नाक्यावर कुणी उभंच नाही, नाक्यात पेरून गेलेत. तरी मला नाकेबंदीच जवळची वाटते.

भाकरतुकडा:
दर्यावर्दीदादा, माहिती झकास, पण तुम्ही सगळे जहाजं मोजताय. त्या मोहिमेचं नाव काय होतं ते लिहा की. ऑपरेशन स्टारव्हेशन. म्हणजे उपासमार. अमेरिकन लोकांनी सरळ तोंडावर नाव ठेवलंय आणि आपण मराठीत नाका शोधतोय.

टोकियोत माणशी रोजचं रेशन 330 ग्रॅम धान्य होतं, तेही सगळं तांदूळ नाही, त्यात रताळी आणि सोयाबीन धरून. जुलै 1945 मध्ये त्यात दहा टक्के कपात केली म्हणजे तीनशेच्या खाली गेलं. शेवटच्या महिन्यांत तर उरलेल्या जहाजांवर कारखान्यांचा कच्चा माल सोडून धान्य आणि मीठ आणायला प्राधान्य होतं. आणि 14-15 जुलैला विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी आओमोरी ते हाकोदाते चालणाऱ्या रेल्वे फेरी-बोटी गाठल्या, त्या बोटींत चक्क मालगाडीचे डबे चढवून समुद्र ओलांडायचे, उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाचा कोळसा आणि बटाटे खाली यायचे ते त्यातून. बाराच्या बारा बोटींना तडाखा बसला, बहुतेक बुडाल्या. पुढचा नंबर रेल्वेचा होता, ऑगस्टमध्ये रूळ आणि पूल यादीत वर घेतले होते.

आता जर-तर इथे लावा. ऑगस्टमध्ये युद्ध संपलं तरी सप्टेंबरात मोठं वादळ आलं आणि त्या वर्षीचं भाताचं पीक फार वाईट निघालं. अमेरिकेचं धान्य येऊनसुद्धा मे 1946 मध्ये टोकियोत राजवाड्यासमोर लाखोंच्या संख्येने लोक 'खायला द्या' म्हणत जमले. 1947 मध्ये यामागुची योशितादा नावाचा एक न्यायाधीश भुकेने मेला, काळ्या बाजाराचे खटले त्याच्यासमोर चालायचे म्हणून तो स्वतः रेशनबाहेरचं काही खाईना. हे सगळं बंदरं उघडी असताना. बंद ठेवून, रेल्वे तोडून 1946 चा उन्हाळा गाठला असता तर काय झालं असतं त्याचा अंदाज करा. म्हणून माझं मत कोंडी. नाकेबंदीत रस्ता दिसतो, कोंडीत आतलं माणूस दिसतं.

अटकेपार:
ताई, मुद्दा पोचला. पण कोंडी आता ट्रॅफिकची झालीये ना, नाहीतर चर्चेची, 'कोंडी फुटली' अशी हेडलाइन रोज असते. आणि माझ्या लेखाचा कणा वेगळाय. अमेरिकेच्याच बॉम्बिंग सर्व्हेने 1946 ला लिहून ठेवलंय की बॉम्ब नसते, रशिया उतरला नसता, स्वारीचा विचारही नसता तरी जपान 31 डिसेंबरच्या आत, बहुधा 1 नोव्हेंबरच्याही आत शरण आला असता. अमेरिकेच्याच ॲडमिरल किंग आणि लेही यांनाही स्वारी नकोच होती. म्हणजे कमी रक्तपातात काम झालं असतं असं मी मांडतोय.

मी_ठाणेकर:
कमी कुणाचा ते लिही फक्त. अमेरिकन सैनिकांचा म्हणशील तर मान्य.

तो सर्व्हे करणारे लोक विमानातून बॉम्ब टाकून काय साधलं हेच मोजायला बसवलेले होते, त्यांचा निष्कर्ष मी तरी चिमूटभर मीठ घालून घेतो. दोन बॉम्ब पडले, रशिया मांचुरियात घुसला, तरी 9 ऑगस्टला टोकियोत सहा जणांच्या युद्ध समितीत तीन विरुद्ध तीन होते, शेवटी सम्राटाला मधे पडावं लागलं. जपानी सेनापतींचा हिशोब असा की अमेरिकन जनता कंटाळेल, क्यूशूवर एक मोठी लढाई देऊ आणि बऱ्या अटी पदरात पाडू. असल्या माणसांपुढे नुसतं बसून राहणं म्हणजे त्यांना हवं तेच देणं, किमान अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्यासारख्यांना तरी तसंच वाटत होतं. आणि तोवर बाकीच्या आशियाचं काय? जपानच्या ताब्यातल्या व्हिएतनामच्या उत्तर भागात 44-45 ला दुष्काळ पडला त्यात काही लाख ते वीस लाख अशा अंदाजांत माणसं गेली. चीनमध्ये युद्ध चालूच होतं. टोकियोचं नाक दाबून ठेवलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत हे लोकपण भरत होते.

शब्दाचं म्हणाल तर आपल्याकडे यासाठी जुना वाक्प्रचार आहे आणि तो कुणी काढला नाही याचं नवल वाटलं. रसद तोडणे. पानिपतावर अब्दालीने तेच केलं, डिसेंबर 1760 मध्ये दुआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि मग उपाशी फौज शरण आली का? नाही, 14 जानेवारीला मैदानात उतरली. नाक दाबल्यावर तोंडच उघडेल याची काय गॅरंटी, हात पण उठतो.

शब्दखोर:
वा! रसद तोडणे हे क्रियापद म्हणून उत्तम, पण रसद फौजेची असते रे. भाकरतुकडाताई ज्या टोकियोबद्दल बोलतायत तिथल्या बाईच्या डब्यातल्या तांदळाला रसद म्हणवत नाही मला.

अजून एक. लेखात कायद्याचं काही असेल तर तिथे फक्त नाकेबंदी ठेव, शब्द फिरवू नको. 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यात अट आहे की नाकेबंदी खरोखर अंमलात असली तरच ती बंधनकारक, नुसतं जाहीर करून घरी बसलात तर ती कागदी. आणि 1962 ला क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या पेचाच्या वेळी केनेडींनी ब्लॉकेड शब्द टाळून क्वारंटाइन म्हटलं, कारण ब्लॉकेड म्हणजे युद्धाचीच कृती झाली असती. त्याचं मराठी विलगीकरण केलंस तर कोविडनंतर कुणी हसू आवरणार नाही, क्वारंटाइनच राहू दे.

अटकेपार:
ठीक, मग असं करतो. शीर्षकात आणि करार, जाहीरनामे येतात तिथे सागरी नाकेबंदी. जपानी बेटांवर जे घडलं आणि पुढे घडलं असतं तिथे कोंडी, मोहिमेचं नाव आलं की सरळ उपासमार मोहीम. पानिपताचा परिच्छेद ठाणेकरांकडून उसना घेतोय. आणि 'कमी रक्तपात' हे वाक्य काढलं, त्या जागी व्हिएतनाम येईल.

भाकरतुकडाताई, फेरी-बोटींना 'फेरी'च ठेवू की आपली खाडीवरची 'तरी' म्हणू?

भाकरतुकडा:
फेरी-बोट ठेवा. 'तरी' म्हटलं की दोन स्कूटर आणि मासेवाल्या दिसतात, या बोटींत मालगाडी जायची.

दर्यावर्दी:
आणि नुसतं सुरुंग लिहू नको कुठे, लोकांना वाटेल डोंगर फोडतायत. पहिल्यांदा येईल तिथे पाणसुरुंग कर, पुढे सुरुंग चालेल. टॉर्पेडोला पाणतीर करायच्या भानगडीत मात्र पडू नको.