हिचकॉकचा खरा नायक कोण : केरी ग्रँट की जेम्स स्ट्युअर्ट?

रूपेरी

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने केरी ग्रँट आणि जेम्स स्ट्युअर्ट या दोन हॉलिवुड नटांबरोबर प्रत्येकी चार चित्रपट केले. ग्रँटच्या वाट्याला ‘सस्पिशन’ (१९४१), ‘नटोरियस’ (१९४६), ‘टु कॅच अ थीफ’ (१९५५) आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) आले, तर स्ट्युअर्टच्या वाट्याला ‘रोप’ (१९४८), ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ (१९५८). जुन्या हॉलिवुडचा विषय निघाला की जाणकार मंडळी स्ट्युअर्टला अभिनेता म्हणतात आणि ग्रँटची बोळवण ‘देखणा नट’ एवढ्यावर करतात. मला हे मुळीच मान्य नाही. या आठ चित्रपटांतील सर्वांत अवघड भूमिका ‘नटोरियस’मधल्या डेव्हलिनची आहे आणि ती ग्रँटखेरीज कोणालाही पेलली नसती, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ॲलिशिया (इंग्रिड बर्गमन) ही अमेरिकेत शिक्षा झालेल्या एका नाझी हस्तकाची मुलगी. सरकारी गुप्तहेर डेव्हलिन तिला कामगिरीसाठी रिओ दि जानेरोला नेतो, तिथे दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि तेवढ्यात वरून हुकूम येतो की तिने सेबॅस्टियन (क्लॉड रेन्स) या नाझी गटातल्या माणसाशी जवळीक साधावी. हा हुकूम ऐकून डेव्हलिन निघतो तेव्हा तिच्यासाठी घेतलेली शॅम्पेनची बाटली वरिष्ठांच्या कचेरीतच विसरून जातो. इकडे ती त्याच्या तोंडून ‘जाऊ नकोस’ एवढेच ऐकायला आसुसलेली असते, आणि तो ते बोलत नाही. तो तिचा अपमान करतो, तिच्या पूर्वायुष्यावरून टोचून बोलतो, आणि तरीही हा माणूस आतून तुटत चालला आहे हे आपल्याला क्षणोक्षणी कळत राहते. ते कसे कळते, हे मी अनेकदा तो चित्रपट पाहूनही पुरते सांगू शकत नाही. हिचकॉकने त्याची पहिली ओळखसुद्धा पाठमोरी करून दिली आहे : घरात पार्टी रंगलेली आहे आणि पुढ्यात खुर्चीवर बसलेल्या एका माणसाच्या डोक्याची नुसती काळी आकृती दिसते आहे. लोक ज्याचा चेहरा पाहण्यासाठी तिकीट काढत होते त्याचाच चेहरा दिग्दर्शक झाकून ठेवतो, आणि पुढचा सगळा चित्रपटभर तो नट आपले मन तसेच झाकून ठेवतो.

हे संयमाचे कौशल्य त्याने विनोदी चित्रपटांत कमावले, असे मला वाटते. ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) किंवा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) पाहताना तो समोरच्याचे वाक्य कसे ऐकतो, याकडे लक्ष द्यावे. एका निमिषाची गल्लत झाली तरी हशा हुकतो, आणि त्याच्याकडून तो हुकत नाही. परंतु ऑस्करसाठी त्याचे नामांकन दोनदाच झाले, ‘पेनी सेरेनेड’ आणि ‘नन बट द लोनली हार्ट’ या चित्रपटांसाठी, आणि दोन्ही भूमिका डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आहेत. १९४० च्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त तो आणि स्ट्युअर्ट एकत्र होते, पुरस्कार स्ट्युअर्टला मिळाला, ग्रँटला नामांकनही नाही. अखेर १९७० मध्ये मानद ऑस्कर देऊन अकादमीने त्याचे ऋण फेडले. दुःख ओसंडून वाहिले तरच तो अभिनय, ही समजूत आपल्याकडेही आहे, तशी ती तिकडेही होती.

दुर्बीण

रूपेरी, तुमचे ‘नटोरियस’विषयीचे प्रेम समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. झाकून ठेवणे ही कला आहे हे मान्य. मात्र जे झाकले आहे ते प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवले जाते आणि त्याचे श्रेय नटाइतकेच संकलनालाही द्यावे लागते. स्ट्युअर्टने याहून अधिक धोका पत्करला. ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’ (१९३९) आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटांमुळे अमेरिकेला तो घरचा, सरळमार्गी, अडखळत खरे बोलणारा मुलगा वाटत होता. ही पुण्याई त्याने हिचकॉकच्या हाती दिली आणि हिचकॉकने ती पणाला लावली.

‘व्हर्टिगो’च्या उत्तरार्धात स्कॉटी (स्ट्युअर्ट) ज्यूडी नावाच्या तरुणीला (किम नोव्हाक) पकडून आपल्या मृत प्रेयसीसारखे, मॅडेलिनसारखे, बनवू लागतो. तोच राखाडी सूट, तेच बूट, तोच केसांचा रंग. ती विनवत असते, आणि तो केसांबद्दल म्हणतो की तुला त्याने असा काय फरक पडणार आहे. हे वाक्य स्ट्युअर्ट आरडाओरडा करून म्हणत नाही. अगदी कळवळून, मायेने म्हणतो, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. शेवटी ती केस बांधून खोलीतून बाहेर येते, बाहेरच्या पाटीचा हिरवा उजेड तिच्यावर पडलेला असतो, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे आनंदाचे पाणी येते त्याची आपल्याला भीती वाटते. ज्याच्यावर आपण वीस वर्षे विश्वास टाकला तो माणूस आपल्यासमोर एका जिवंत स्त्रीला पुसून टाकतो आहे, आणि तरीही आपल्याला त्याची दया येते. ग्रँटच्या कोणत्या भूमिकेत हे आहे?

‘सस्पिशन’चेच उदाहरण घ्या. मूळ कादंबरीतला नवरा खुनी आहे. चित्रपटात मात्र, ग्रँट बायकोसाठी जिन्यावरून वर नेतो त्या संशयास्पद दुधाच्या पेल्यात दिवा ठेवून तो उजळवण्यापर्यंत हिचकॉकने सगळी तयारी करूनही, शेवट बदलून ग्रँटला निर्दोष ठरवावे लागले, कारण त्या देखण्या नायकाला खुनी दाखवायला स्टुडिओ धजावला नाही. ग्रँटच्या प्रतिमेभोवती कुंपण होते. स्ट्युअर्टने आपले कुंपण स्वतः पाडले. यात त्याच्या युद्धातील अनुभवाचाही वाटा असावा. त्याने युरोपवर वीस बॉम्बफेकी मोहिमांत भाग घेतला होता आणि १९४५ नंतरच्या त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी नसलेला एक थकवा दिसतो.

केतकी

तुम्हा दोघांचेही प्रतिसाद मन लावून वाचले, आणि दोन्हींत मला एकच उणीव जाणवली. ज्या प्रसंगांचे दाखले तुम्ही दिलेत, त्यांतली जोखीम कोणाची आहे? शत्रूच्या घरात लग्न करून जाते ती ॲलिशिया. सेबॅस्टियनच्या तळघराची किल्ली मुठीत लपवते ती, कॉफीतून विष पाजले जाते तिला. पार्टीच्या प्रसंगात कॅमेरा दिवाणखान्याच्या उंचीवरून हळूहळू खाली उतरत बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत येतो. चित्रपट कोणाचा आहे हे हिचकॉकने याहून स्पष्ट कसे सांगावे? डेव्हलिन गप्प आहे म्हणून जर तो महान अभिनय, तर घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगात दुर्बीण डोळ्यांना लावून, भिंगांत धावत्या घोड्यांचे प्रतिबिंब असताना, आपले अश्रू लपवणाऱ्या बर्गमनला काय म्हणावे? त्याच्या मौनाला अर्थ येतो तो ती त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते त्यामुळे.

‘व्हर्टिगो’तही किम नोव्हाक एकाच वेळी तीन पातळ्यांवर उभी आहे : ज्यूडी, ज्यूडीने वठवलेली मॅडेलिन, आणि प्रेमापोटी पुन्हा तीच मॅडेलिन व्हायला तयार झालेली ज्यूडी. हिचकॉकच्या चित्रपटांतील अभिनयासाठी आजवर एकच ऑस्कर मिळाले, तेही एका अभिनेत्रीला, ‘सस्पिशन’साठी जोन फाँटेनला. नायक कोण हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

ग्रँटविषयी मला आदर आहे, त्याचे एक कारण मात्र पडद्याबाहेरचे आहे. इटालियन दिग्दर्शक रॉसेलिनीबरोबरच्या विवाहबाह्य संबंधांवरून १९५० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्गमनची जाहीर निंदा झाली आणि तिला हॉलिवुडपासून काही वर्षे दूर राहावे लागले. ‘ॲनास्टेशिया’साठी तिला ऑस्कर जाहीर झाले तेव्हा, १९५७ च्या समारंभात, तिच्या वतीने ते स्वीकारायला ग्रँट उभा राहिला. डेव्हलिनला जे बोलायला उशीर झाला, ते या माणसाने वेळेवर केले.

रूपेरी

केतकी, किल्लीचा प्रसंग बर्गमनचाच आहे, आणि तिच्याविना डेव्हलिनला अर्थ उरत नाही, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो. पण समोरच्या अभिनेत्रीला पडदा मोकळा करून देणे हेसुद्धा अभिनयातच मोडते. मे वेस्ट, आयरीन डन, कॅथरिन हेपबर्न, रोझलिंड रसेल, ऑड्री हेपबर्न यांची कामे आठवून पाहा. ग्रँटसमोर यांतली कोणीही फिकी पडलेली नाही. ‘शरेड’च्या (१९६३) वेळी तो साठीला टेकला होता आणि ऑड्री बरीच तरुण होती; म्हणून तिने त्याचा पाठलाग करावा, त्याने तिचा नव्हे, असा आग्रह त्याने धरला आणि पटकथा तशी बेतली गेली. स्वतःचे आकर्षण कुठे आवरावे हे ज्याला कळते तो नुसता देखणा नट नव्हे.

दुर्बीण, ‘सस्पिशन’चा शेवट फसला आहे, याबद्दल वाद नाही. तरीही तो पेला घेऊन जिना चढणारा ग्रँट आठवा. शेवट काहीही असो, त्या क्षणी तो खून करील की नाही हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यामागे काहीतरी थंडगार आहे याची खात्री पटते. ब्रिस्टलमधल्या आर्ची लीच नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाची आई एके दिवशी घरातून नाहीशी होते, आणि ती मनोरुग्णालयात जिवंत आहे हे त्याला तिशीत आल्यावर समजते. केरी ग्रँट हे रूप आणि ती ऐट या मुलाने स्वतः घडवली होती. विश्वास टाकायला घाबरणारा डेव्हलिन मला इथून आलेला दिसतो.

‘व्हर्टिगो’च्या कीर्तीबद्दलही एक शंका मांडतो. १९७० च्या दशकात तो आणि स्ट्युअर्टचे इतर तीन हिचकॉकपट वितरणातून काढून घेतले गेले आणि १९८३–८४ मध्ये पुन्हा आले. दुर्मीळ वस्तूला जे वलय लाभते ते त्यालाही लाभले नसेल का? ‘नटोरियस’ मात्र कायम समोर राहिला आणि गृहीत धरला गेला.

दुर्बीण

वलयाचा मुद्दा टिकत नाही. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात ‘व्हर्टिगो’ १९८२ मध्येच, म्हणजे तो परत येण्यापूर्वी, पहिल्या दहांत होता, आणि २०१२ मध्ये त्याने ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. लोक तीस वर्षांनंतरही दुर्मिळतेला मत देत नाहीत.

आईच्या कथेने मीही हेलावतो, पण मग मी युद्धाचा उल्लेख केला तेव्हा जी चूक केली तीच तुम्हीही करत आहात. चरित्राने अभिनय सिद्ध होत नाही. पडद्यावर काय दिसते तेच धरू. ‘रिअर विंडो’त स्ट्युअर्टचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तो खुर्चीतून उठू शकत नाही, आणि समोरच्या घरात खुनी त्याच्या प्रेयसीवर, लिसावर, हात टाकतो तेव्हा त्याच्याकडे उरतात फक्त चेहरा आणि दोन हात. तेवढ्या भांडवलावर त्याने तो प्रसंग असा उभा केला आहे की आपलेही पाय जखडल्यासारखे वाटतात.

पाऊलवाट

‘द मॅन हू न्यू टू मच’चा नावापलीकडे उल्लेख कोणीच केला नाही, याचे वाईट वाटले. मुलाचे अपहरण झाल्याचे बायकोला सांगण्यापूर्वी डॉक्टर नवरा तिला आधी गुंगीचे औषध घ्यायला लावतो. स्ट्युअर्ट तिथे प्रेमळही आहे आणि जुलमीही, आणि डोरिस डेने त्यावर केलेला आकांत ऐकवत नाही. माझे मत या प्रसंगामुळे स्ट्युअर्टला, पण केतकी यांचे म्हणणेही याच प्रसंगाने खरे ठरते.

रूपेरी

‘रिअर विंडो’बद्दल मी हार मानतो, तिथे ग्रँट चालला नसता. तो बसून राहणारा नट नव्हताच, कसरतपटूंच्या फिरत्या कंपनीत वाढलेला होता, आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये मक्याच्या शेताकडे फवारणीच्या विमानापुढे धावताना त्याचे सबंध शरीर बोलते.

‘नटोरियस’वरून मात्र मागे हटणार नाही. शेवटी डेव्हलिन विषाने अर्धमेली झालेल्या ॲलिशियाला जिन्यावरून खाली आणतो, गाडीत बसवतो, आणि सेबॅस्टियन मलाही न्या म्हणून काकुळतीला येतो तेव्हा आतून दाराची कडी लावतो. सेबॅस्टियनला वर त्याच्या साथीदारांकडे, म्हणजे मरणाकडे, परत जावे लागते. इतका वेळ ज्याच्या प्रेमाची आपण वाट पाहिली तो माणूस प्रेम व्यक्त करून पाच मिनिटेही झालेली नसताना हे करतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर दयेचा लवलेश नसतो. ग्रँटला खुनी दाखवायला कोणी धजावले नाही, असे तुम्ही म्हणालात. तो प्रसंग पुन्हा पाहून सांगा.