रि: डिसेंबरचा सिनेमा, गोवारीकरांचा कुठला लावायचा?

मंडळी नमस्कार,
पानिपत नको, लगान सगळ्यांचा पाठ आहे, तेव्हा स्वदेसच लावा. आमच्या वाईचा म्हणून नाही हं, बरं, थोडंसं म्हणूनही :) पण एक खटकतं ते सांगतेच. चरणपूर म्हणून दाखवलंय ती मेणवली, कृष्णेचा घाट, देवळं सगळं आमचं, आणि गाव म्हणे उत्तर प्रदेशातलं! गंगाजलमध्ये वाईचं बिहार केलं, दबंगमध्ये यूपी, ते एकवेळ ठीक, ते दिग्दर्शक तिकडचेच. गोवारीकर मराठी माणूस, त्यांनी तरी सातारा जिल्हा म्हणायचं होतं की.
- वाईकर

---

ताई, घाटाचं काय घेऊन बसलात, गोष्टपण आपल्याकडचीच आहे. नंदुरबारकडं बिलगावात लोकांनी श्रमदान करून पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला, त्यात अमेरिकेतनं परत गेलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा हे जोडपं होतं, त्यांच्यावरनं सुचलेला पिक्चर आहे हा. आणि सातारा जिल्हा म्हटलं असतं तर पब्लिक हसलं असतं ना, शेजारी कोयना, १९६० मेगावॅट, आणि हिरो बल्ब पेटवायला धडपडतोय! (तरी तेव्हा आपल्याकडं लोडशेडिंग होतंच, ते सोडा.)

मला गोवारीकर आवडतात ते वेगळ्याच कारणानं. २००२ ला लगान ऑस्करच्या शेवटच्या पाचात गेला, दुसरा कोणी असता तर पुढचा पिक्चर त्याहून दणदणीत काढला असता, ह्यांनी काय केलं तर शाहरुखला घेऊन सगळा गोंगाटच काढून टाकला. स्वदेसमध्ये पहिल्यापासनं हिरो बाटलीतलंच पाणी पितो, कोणी काही बोलत नाही त्यावर, आणि मग रेल्वे स्टेशनवर ते पोरगं पंचवीस पैशाला पाणी विकत येतं आणि हा कुल्हड घेऊन पितो. भाषण नाही, काही नाही. २००४ च्या डिसेंबरात थेटरात चालला नाही, पण शाहरुखला फिल्मफेअर मिळालं. नंतरच्या मोहेंजो दारोत सेटच दिसतात, माणसं कुठं हरवली कोण जाणे.
- सांगलीकर

---

काका, ताई, ठरलं मग, स्वदेस. तीन तासांच्या वर आहे म्हणून पाचला शार्प चालू करणार, उगाच सहाला येऊन मेणवली कुठंय विचारू नका. मध्यंतराला चहा मंडळाचा, भडंग मात्र सांगलीकरांकडून, आणि कांदा वेगळा ठेवा प्लीज, मागच्या वेळी सगळं मऊ पडलेलं.
- कार्यकारिणी